‘पाऱ्याची विहीर’ वाचलेली माणसं

जिंतूर, ५ जानेवारी १९५७

ती. वैजीनाथदादास,

नर्मदेचा नमस्कार. मावशीचे गुडघे, कस्तुरावहिनींचा खोकला आणि परभणीची थंडी यांची चौकशी केली असं समज. कादंबरीबद्दल लिहायला कागद कमी पडणार आहे.

या महिन्यात तुझ्या शिफारशीवरून ‘उडत्या पलंगाची राणी’ वाचली. पलंग उडतो, ते मला पटलं. राक्षस डोंगर गिळतो, तेही पटलं. पण राणी बारा वर्षांच्या कैदेतून सुटते आणि नवऱ्याला पहिलं काय विचारते, तर ‘आपण जेवलात का?’ अद्भुत म्हणजे किती अद्भुत असावं याला काही सुमार? राक्षस मात्र आवडला. माणसाला खाण्याआधी तो त्याची परवानगी विचारतो, आणि माणसं इतकी भिडस्त की कोणी नाही म्हणत नाही.

आता इकडचा राक्षस. आमच्या वाचनालयाला नवे अध्यक्ष मिळालेत. किशनराव, कापसाचे अडते, तू ओळखतोस. निजामाच्या काळात शेरवानी घालायचे, पोलीस ॲक्शननंतर टोपी आली, आणि आपण मुंबई राज्यात गेल्यापासून कोट. पहिल्याच सभेत म्हणाले, जादूच्या आणि राक्षसांच्या पुस्तकांनी बायकांची डोकी बिघडायलीत. ते कपाट रद्दीत काढायचं, आणि मंगळवारी दुपारी बायकांसाठी वाचनालय उघडतं, तेही बंद करायचं, असा त्यांचा विचार आहे.

गोजरबाई त्या एका दुपारसाठी शेतातून चालत येते. शाळा सुटल्यावर मीच तिला अक्षरं शिकवली. ती अक्षरं घेऊन तिनं आता काय करायचं? किशनरावांच्या सभेतल्या तकरिरी वाचायच्या?

तुझा अभिप्राय कळव.

तुझी,
नर्मदा

---

परभणी, १९ जानेवारी १९५७

चि. नर्मदेस,

अनेक आशीर्वाद. राणीनं जेवणाचं विचारलं यात मला काही वावगं दिसलं नाही. तुझ्या वहिनीनं एवढं जरी विचारलं तरी मी पलंगासकट उडेन.

मी सध्या ‘पाचूची गुहा’ नावाचा उर्दू किस्सा वाचतो आहे. जादूगाराच्या दाढीचा एकेक केस म्हणजे एकेक साप. वाचनीय आहे. पण मन लागत नाही. कचेरीतली सगळी दफ्तरं उर्दूतून मराठीत चालली, आणि आम्ही उर्दूत शिकलेले कारकून फडताळातल्या जुन्या कागदांसारखे नुसते पडून आहोत. आम्हाला कोकणात धाडणार अशी वावडी आहे. तुझ्या मावशीला घेऊन मी तिकडे कुठं जाऊ? तिथं म्हणे ज्वारीसुद्धा मिळत नाही.

परवा किशनराव कचेरीत येऊन गेले. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही. त्यांना वाचनाची आस्था आहे. तू नाहक वैर घेऊ नकोस. कपाट गेलं तर जाईल, तुझी नोकरी राहिली पाहिजे.

तुझी मतं मात्र अशीच सविस्तर येऊ देत. अक्षर तेवढं जरा सुवाच्य काढ.

तुझा,
वैजीनाथ

---

जिंतूर, ४ फेब्रुवारी १९५७

ती. दादास,

अक्षर सुवाच्य काढते आहे. कामून ते मात्र कळलं नाही. आजवर तुला माझं अक्षर लागत होतं.

महिनाअखेरीच्या रविवारी वाचकसभा झाली. किशनराव उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, ‘मी नुकतीच एक अद्भुत कादंबरी वाचली. तिच्यातला राक्षस माणसाला खाण्याआधी परवानगी विचारतो, आणि माणसं इतकी भिडस्त की कोणी नाही म्हणत नाही.’ सभेनं टाळ्या वाजवल्या. बन्सीधर पेशकार तर वाहवा म्हणाले. निवृत्त झाल्यापासून त्यांना वाहवा म्हणण्यापलीकडे काम नाही.

दादा, हे वाक्य माझं आहे. कादंबरीत ते नाही. मी पुन्हा उघडून पाहिलं. आणि गंमत बघ, ज्या पुस्तकांनी आमची डोकी बिघडतात ती वाचून यांचं डोकं सुधारतं.

हे वाक्य त्यांच्याकडे गेलं कसं? पोस्टात कोणी पत्रं फोडतं का? तू माझं पत्र कुणाला दाखवतोस का?

नर्मदा

---

परभणी, २० फेब्रुवारी १९५७

चि. नर्मदेस,

आशीर्वाद. काय विचारतेस हे! तुझी पत्रं मी कुणाला कशाला दाखवू? एकच पुस्तक दोघांनी वाचलं तर दोघांना एकच सुचू शकतं. विद्वानांत असं फार होतं. किशनरावांना राक्षस आवडला यात तुला आनंद व्हायला हवा. मन वळलं तर कपाटही वाचेल.

पोस्टाचं म्हणशील तर सरकारी खात्यावर संशय घेणं बरं नव्हे. मी स्वतः सरकारी माणूस आहे.

या महिन्यात काय वाचलंस? लवकर लिही. महिनाअखेरीच्या आत आलं तर बरं.

वैजीनाथ

---

जिंतूर, १२ मार्च १९५७

ती. दादास,

महिनाअखेरीच्या आत लिहिते आहे, तुझी सोय व्हावी म्हणून.

या खेपेची शिफारस डोळे मिटून घे. ‘पाऱ्याची विहीर’. माहेरी एका गाठोड्यात सापडली. वरचं पान उंदरांनी खाल्लंय, त्यामुळे लेखकाचं नाव कळायला मार्ग नाही. अशी कादंबरी मी आयुष्यात वाचली नाही.

एका नगरात एक विहीर आहे. तिच्यात पाणी नाही, पारा आहे. तिच्यावर एक बाई पहारा करते. त्या नगरात जो कोणी दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून बोलेल, त्याचा आवाज घशातून निसटतो आणि टुपकन त्या विहिरीत पडतो. मग त्यानं तोंड उघडलं की नुसतं डराव डराव. आधी राजाचा भाट जातो, मग प्रधान, मग सेनापती. दरबार भरतो आणि सगळे बेडकासारखे ओरडत बसतात, पण कोणीच कबूल करत नाही; जो तो म्हणतो, घसा बसलाय. पहारेकरीण रोज संध्याकाळी ते आवाज उपसून उन्हाळी वाळवणासारखे दोरीवर घालते. कोणाचा कोणता हे तिलाच ठाऊक.

मला वाटतं, यात मोठा नैतिक उपदेश आहे. जबाबदार माणसांनी ही कादंबरी अवश्य वाचावी.

नर्मदा

---

परभणी, २३ मार्च १९५७

चि. नर्मदेस,

पत्र पोचलं आणि मी थक्क झालो. काय कल्पना आहे! दोरीवर वाळत घातलेले आवाज! हा लेखक कोणी पोचलेला असला पाहिजे. नैतिक उपदेशाचं तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. समाजात अशी दुसऱ्याचे शब्द बोलणारी माणसं फार झाली आहेत.

पुस्तक मोटारीनं धाडता येईल का? निदान पुढची हकीकत कळव. सेनापतीचा आवाज परत मिळतो का? झोप लागत नाही.

वैजीनाथ

---

जिंतूर, १ एप्रिल १९५७

ती. दादास,

काल सभा झाली. नीट बसून वाच.

किशनराव उठले. म्हणाले, ‘आज मी अशा ग्रंथाबद्दल बोलणार आहे, जो मी दोनदा वाचला.’ ग्रंथाचं नाव ‘पाऱ्याची विहीर’. विहीर, पारा, डराव डराव, सगळं आलं. दोरीवरच्या आवाजांपाशी त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला. मग म्हणाले, ‘दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून बोलणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा.’ मी बायकांच्या बाजूला बसले होते, पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात बन्सीधर पेशकार उठले. ‘ही मूळची उर्दू हो. मी तीस वर्षांपूर्वी हैदराबादला वाचली. मराठीत ती लज्जत नाही.’ मग मुख्य गुरुजी म्हणाले, आपण शेवट वाचून रडलो होतो. एक डॉक्टर आहेत, ते म्हणाले, मधला भाग शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. दादा, सभा संपेपर्यंत अर्ध्या जिंतुरानं ती कादंबरी वाचलेली निघाली.

मग मी उभी राहिले. म्हटलं, ‘अध्यक्षसाहेब, एवढा बोधपर ग्रंथ बायकांनाही मिळावा. मंगळवारची दुपार चालू राहील ना?’ टाळ्यांच्या भरात होते. म्हणाले, ‘जरूर! हा ग्रंथ प्रत्येक भगिनीच्या कानी पडेपर्यंत मंगळवार बंद होणार नाही. आणि कपाटालाही हात लावणार नाही.’ हे सभेच्या इतिवृत्तात लिहिलं गेलंय.

आता दुसरी गोष्ट. अशी कादंबरी कुठंच नाही. ती मी पोळ्या लाटताना रचली आणि जगात फक्त एकाच माणसाला लिहून कळवली.

घसा कसा आहे तुझा?

नर्मदा

---

परभणी, ९ एप्रिल १९५७

नर्मदे,

घाईत लिहितो. किशनरावांचा माणूस आला होता. ‘पाऱ्याची विहीर’च्या प्रती आठ दिवसांत पाहिजेत असा त्यांचा हुकूम आहे. मी काय सांगू? मी म्हणालो, औरंगाबादेस पत्र टाकलंय.

तू समजतेस तसं नाही. त्यांनी मला सांगितलं होतं की कोकणच्या यादीत माझं नाव वर आहे आणि वरच्या साहेबांशी त्यांचा घरोबा आहे. बदल्यात काय मागितलं? चार ओळी. पुस्तकांवरच्या चार ओळी, सभेत बोलायला. तुझ्या ओळी तुला कुठं पुरून ठेवायच्या होत्या? लोकांच्या कानावर गेल्या, टाळ्या मिळाल्या, एका परीनं तुझंच चीज झालं.

आता कृपा करून गप्प राहा. हे फुटलं तर तो माणूस मला थेट समुद्रात धाडील. मावशीचा तरी विचार कर.

वैजीनाथ

ता. क. सेनापतीचा आवाज मिळतो की नाही, तेवढं कळव.

---

जिंतूर, ८ जुलै १९५७

ती. दादास,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण प्रत्येक वेळी लिहायला बसले की राग यायचा. माझं चीज झालं म्हणतोस. माझं चीज करायला मी तुला सांगितलं होतं का? नोकरीची भीती होती तर तसं लिहायचं होतंस. मीच किशनरावांना भाषणं लिहून दिली असती, खाली त्यांची सही घेऊन. मी रोज पोरींना शिकवते की कुणाच्या पाटीवरून उतरवू नका. आणि माझी पाटी माझ्या भावानं उतरवून बाजारात नेली.

गप्प राहायचं म्हणशील तर मी गप्पच आहे. ग्रंथ बांधणीला गेलाय असं किशनराव सांगतात. बांधणीला गेलेलं पुस्तक वाचता येत नाही म्हणून मंगळवारी मी तोंडी सांगते. सुरुवातीला चार-सहा बायका होत्या, आता ओसरी पुरत नाही. खुरपणीच्या दिवसांतसुद्धा येतात. गोजरबाई मागल्या महिन्यात म्हणाली, ‘बाई, त्या पहारेकरणीला घरदार हाय का न्हाई? का जल्मभर इहिरीवरच?’ म्हटलं, पुढच्या मंगळवारी सांगते. आठवडाभर मी तिचं घर बांधत बसले.

कस्तुरावहिनी पंधरा दिवस आमच्याकडे राहून गेल्या. त्यांनी त्या घरासकट सगळं ऐकलंय. पुढची हकीकत त्यांना विचार. सांगतील का ते मला माहीत नाही.

महिनाअखेरीला सभा आहे. तुला यायचं असेल तर ये. मी बोलावते आहे असं नाही.

नर्मदा

---

जिंतूर, ३० जुलै १९५७

सौ. कस्तुरावहिनींस,

नर्मदेचा नमस्कार. दादा घरी येऊन गप्प बसला असेल, म्हणून तुम्हाला लिहिते.

तो सभेला आला. चिखलानं पायजमा गुडघ्यापर्यंत भरलेला, मोटार वाटेत रुतली होती म्हणे. किशनराव बोलत असतानाच मागून उठला. म्हणाला, ‘अध्यक्षसाहेब जी मतं सांगतात ती माझ्या मावसबहिणीची आहेत. मी तिच्या पत्रांतून उतरवून त्यांना दिली. आणि पाऱ्याची विहीर नावाचं पुस्तक नाही.’

सभा हसली.

बन्सीधर पेशकार म्हणाले, ‘अहो, तुम्ही वाचलं नाही म्हणून पुस्तक नाही होय? मी उर्दूत वाचलंय.’ गुरुजी म्हणाले, आपण त्याच्या शेवटाला रडलोय. किशनराव मोठ्या मनानं म्हणाले, ‘जाऊ द्या, कचेरीतल्या माणसाला वाचायला सवड कुठं?’ दादा तसाच उभा. कानशिलं लाल झाली होती. मला बघवेना.

वहिनी, मला ठाऊक होतं की मी बोलले तर मंगळवार जाईल. तरी उठले. म्हटलं, ‘दादा खरं बोलतोय. ती गोष्ट छापलेली नाही. ती मी रचली आहे.’

आता लोक आणखी हसले. डॉक्टर म्हणाले, ‘बाई, एवढा ग्रंथ रचायला व्यासंग लागतो.’ गोजरबाई मागून ओरडली, ‘बाईच रचायलीय! आमी इचारलं की थांबा मनती, आन् पुढच्या मंगळवारी सांगती!’ तिला कोणीतरी खाली बसवलं. शेवटी किशनरावांनी ठराव केला की नर्मदाबाईंची ग्रंथावर एवढी भक्ती आहे की तो आपणच लिहिला असं त्यांना वाटू लागलंय. तरी मंगळवारचं निरूपण त्यांनी चालू ठेवावं. एकमतानं मंजूर.

म्हणजे खरं बोलून काही बिघडलं नाही, वहिनी, आणि काही साधलंही नाही. मी घरी येऊन आधी हसले आणि मग चुलीपुढं बसून रडले. दादाला जेवू घालून मोटारीत बसवलं. त्यानं जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा.

तुमची,
नर्मदा

---

परभणी, २२ ऑगस्ट १९५७

नर्मदावन्सं यांना कस्तुराबाईचा नमस्कार.

पत्र मीच लिवायलेय. तुमीच शिकिवलं, तवा चुकाबी तुमच्याच.

बदल्याची यादी लागली. ह्यांचं नाव न्हाई. हे शिरस्तेदाराला इचाराया गेले तर तो मनला, तुमचं नाव कदीच नव्हतं. ह्यांनी किशनरावांचं नाव घेतलं, तर मनला, कोन किशनराव?

हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजले. सासूबाई मनल्या, देवानं वाचिवलं. हे मनले, मला वाचवाया कोनी बुडवलंच नव्हतं. मला लय वाईट वाटलं. लय रागबी आला. पर माणूस सभेत उठला तवा त्याला यादीचं ठावं नव्हतं, हे मी धरून चालते. तुमीबी धरा.

मग मी ह्यांना पाऱ्याच्या इहिरीची गोष्ट सांगितली. सगळी. मधी मधी इचारायले, मग? मग? मी मनलं, गप ऐका. किशनरावाचं ऐकताना बरं गप व्हते. संपल्यावर दौत काढून लिवत बसले. सोबत हाय.

कस्तुराबाई

---

(सोबत)

चि. नर्मदेस,

आशीर्वाद. माफी मागणार नाही, कारण ती चार ओळींत बसत नाही आणि चार ओळींची मला आता धास्ती आहे. पुस्तकाबद्दल लिहितो. हे मत माझं आहे, ते अजून कुणाला दिलेलं नाही.

‘पाऱ्याची विहीर’ (कस्तुराच्या तोंडून ऐकली). सुरुवात उत्तम. पण तिसरं प्रकरण फार लांबलंय. सेनापतीच्या घोड्याचं एवढं वर्णन कशाला? गोष्टीत घोड्याला काही कामच नाही. पहारेकरणीचं घर मात्र मला दिसलं, तिच्या उंबऱ्यावरची चिलीम दिसली. शेवटी ती सगळ्यांचे आवाज परत देते आणि भाटाला तेवढा देत नाही, हे मला पटलं नाही. मी त्या भाटाच्या बाजूनं बोलतो असं तू म्हणशील. बोलतो. तो मूर्ख होता, भ्यालेला होता, आणि त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा समोर राजा होता, हे तुझ्या पहारेकरणीनं लक्षात घ्यायला हवं होतं. ती न्यायी आहे, पण मायाळू नाही. लेखिकेनं पुन्हा विचार करावा.

शिफारस करतो, तक्रारींसह.

वैजीनाथ

---

(पोस्टकार्ड)

जिंतूर, २ सप्टेंबर १९५७

ती. दादास,

तिसरं प्रकरण लांबलंय असं गोजरबाईही म्हणाली होती. तिच्यावर मी रागावले नव्हते. तुझ्यावर रागावले आहे. घोडा राहील. भाटाचं बघते, वचन देत नाही.

पुढच्या महिन्यात काय वाचतोस ते कळव.

नर्मदा